कोणाचा विश्वास कमी पडला?

मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात 'विश्वास' हा शब्द इतक्या सहजपणे येतो, की त्याचा अर्थ काय असे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. एखाद्या कुटुंबाविषयी 'ते विश्वासात आहेत' असे आपण म्हणतो, तेव्हा विश्वास ही जणू राहण्याची जागा असते. माणूस तिच्या आत असतो किंवा बाहेर असतो. 'विश्वास ठेवणे' या प्रयोगात तो कोणाच्या तरी स्वाधीन करायची ठेव होतो. परंतु प्रार्थनेचा, आणि विशेषतः आजाऱ्यासाठी करायच्या प्रार्थनेचा विषय निघाला, की हाच शब्द एकाएकी मोजमापाचा होतो. मग विश्वास थोडा असतो, पुष्कळ असतो, कमी पडतो, वाढवावा लागतो. हा फरक वरवर पाहता भाषेतील किरकोळ बाब वाटेल. माझ्या मते ती किरकोळ नाही. या मोजमापामुळे घरात केवढे दुःख शिरू शकते हे मी जवळून पाहिले आहे, आणि म्हणूनच या शब्दाचा थोडा तपास करावा असे वाटते.

आमचे घर अहमदनगरचे (२०२४ पासून अहिल्यानगर). १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे सुरू झाले आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखा कवी त्या गावाने पाहिला. अशा गावातील मंडळीत आमच्या तीन पिढ्या वाढल्या. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आमच्याकडे दिवाबत्तीइतकी नेमाची होती. १९९६ च्या पावसाळ्यात आईला कर्करोग झाल्याचे कळले, तेव्हा या नेमाला निराळेच वजन आले. पाळकसाहेब येऊ लागले, महिला मंडळाच्या बाया येऊ लागल्या, आणि एका नातलगाच्या आग्रहावरून परगावचे एक प्रचारकही आले. चंगाई सभांमध्ये त्यांचे नाव होते. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ मोठ्या आवाजात प्रार्थना केली. जाताना दाराशी उभे राहून ते वडिलांना म्हणाले, "देव बहिणीला बरं करायला तयार आहे. पण या घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे."

पुढच्या फेब्रुवारीत आई गेली. ते वाक्य मात्र घरातच राहिले. आम्ही चौघे होतो: वडील, आजी, दादा आणि मी. प्रत्येकाने आपापले मन तपासले असणार. दादा तेव्हा पदार्थविज्ञान शिकत होता आणि चमत्कारांविषयी एकदा जेवताना त्याने काही शंका विचारल्या होत्या. त्याला कोणीही एका शब्दाने दोष दिला नाही. पण हळूहळू त्याचे रविवारच्या उपासनेला येणे बंद झाले. त्याने वाद घातला नाही, धर्म सोडल्याचे जाहीर केले नाही. तो फक्त येईनासा झाला. पुष्कळ वर्षांनी एकदा तो मला म्हणाला, "माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही गं. पण बोट कुठे जाणार होतं, ते सगळ्यांना माहीत होतं."

या प्रचारकांना खोटे किंवा लोभी ठरवून प्रश्न सुटत नाही. त्यांनी आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. शिवाय त्यांच्या वाक्याला पवित्र शास्त्रात आधार नाही असेही म्हणता येत नाही. येशूने बऱ्या केलेल्या अनेकांना तो त्यांच्या विश्वासाचे श्रेय देतो. स्वतःच्या गावी, नासरेथात, लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारसे काही करता आले नाही, असे मार्क लिहितो. विश्वासाने मागितलेले मिळते, अशा अर्थाची वचने शुभवर्तमानांत एकाहून अधिक ठिकाणी आहेत. ही वचने बाजूला सारून जो विश्वासाची सोयीस्कर व्याख्या करील, त्याचे म्हणणे कोणी का ऐकावे? तेव्हा तपास करायचा तो याच पानांवर केला पाहिजे.

'विश्वास कमी पडला' या निदानाचा मूळ प्रसंग मत्तय आणि मार्क या दोघांनीही दिला आहे. फेफरे येणाऱ्या एका मुलाला त्याचा बाप शिष्यांकडे घेऊन येतो आणि शिष्यांना त्याला बरे करता येत नाही. मग येशू मुलाला बरे करतो. शिष्य एकांतात त्याला विचारतात, की आम्हाला हे का जमले नाही? मत्तयाच्या वृत्तांतात येशू त्यांना त्यांचा विश्वास अल्प असल्याचे सांगतो आणि मोहरीच्या दाण्याचा दाखला देतो. येथे एक गोष्ट आपल्या वाचनातून नेहमी निसटते. अल्पविश्वासाचे हे निदान बरे करायला निघालेल्यांचे आहे. ते रोग्याचे नाही आणि रोग्याच्या बापाचेही नाही. आमच्या दाराशी उभ्या राहिलेल्या प्रचारकांनी हे वचन नेमके उलटे धरले होते. मोहरीचा दाखलाही बहुधा असाच उलटा वापरला जातो. त्या दाण्याचे नाव घेण्यामागे विश्वास केवढा लागतो हे सांगण्याचा हेतू असता, तर सर्वांत लहान म्हणून प्रसिद्ध असलेला दाणा निवडण्याचे कारण नव्हते. माप घेणाऱ्याच्या हातातील मापच तो दाखला काढून घेतो.

मार्काने याच प्रसंगात बापाचे बोलणे नोंदवले आहे. विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे, असे येशू म्हणतो, तेव्हा तो माणूस एका दमात दोन गोष्टी ओरडून सांगतो: आपला विश्वास आहे, आणि आपल्या अविश्वासाला त्याने साह्य करावे. या दोन वाक्यांची बेरीज कोणत्याही हिशेबात बसत नाही. मोजमापाच्या नियमाप्रमाणे मुलगा बरा व्हायलाच नको होता. कारण घरात कोणाचा विश्वास कमी पडतो आहे हे बापाने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. मुलगा बरा होतो. अविश्वास लपवून न ठेवता तो ज्याच्यापुढे मांडला, त्याच्याशी बोलणे चालू ठेवणे, यालाच येथे विश्वास म्हटलेले दिसते.

त्याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाची गोष्ट येते. कफर्णहूमातील त्या घरात एवढी गर्दी असते, की त्याला आणणारे चौघे जण छप्पर उसकटतात आणि त्याची बाज खाली सोडतात. मार्क म्हणतो, की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. सर्वनाम अनेकवचनी आहे. बाजेवरच्या माणसाच्या मनात त्या वेळी काय होते, हे मार्क सांगत नाही. कदाचित तो आशेने भरलेला असेल. कदाचित तो कंटाळला असेल, आणि मला घरी न्या म्हणून सांगत असेल. चौघांनी उचललेल्या बाजेत कोणाच्या खांद्यावर किती भार आला, याची चौकशी होत नाही. ती होऊच नये, म्हणूनच बहुधा हे अनेकवचन तेथे आहे.

याहून मोठा उलगडा मला मूळ हिब्रू शब्दापाशी झाला. हिब्रू मला वाचता येत नाही. परंतु भाष्यग्रंथांच्या आधाराने एखाद्या शब्दाचा माग काढणे अशक्य नसते. आपण जेथे 'विश्वास' म्हणतो, तेथे जुन्या करारात 'अमन' या धातूपासून बनलेले शब्द येतात, आणि त्याचे एक नाम 'एमुना' असे आहे. नीतिमान मनुष्य कशाने जगतो हे सांगणाऱ्या हबक्कूकाच्या सुप्रसिद्ध वचनात हाच शब्द आहे. पुढे पौलाने ते वचन रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत घेतले, आणि सोळाव्या शतकात ल्यूथरने त्यावर आपल्या शिकवणीचा पाया घातला. हाच शब्द निर्गम पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एका अनपेक्षित ठिकाणी भेटतो. रफीदीम येथे अमालेकाशी लढाई चालली आहे. टेकडीवर मोशे हात वर करून उभा आहे. त्याचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकाची. हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसायला एक धोंडा आणून देतात, आणि दोन बाजूंनी दोघे त्याचे हात धरून ठेवतात. अशा रीतीने सूर्यास्तापर्यंत त्याचे हात स्थिर राहिले, असे लेखक सांगतो. या 'स्थिर' शब्दाच्या जागी हिब्रूत 'एमुना' आहे.

म्हणजे हबक्कूकात ज्या शब्दाचे आपण 'विश्वास' असे भाषांतर करतो, तोच शब्द येथे थकलेल्या हातांविषयी वापरला आहे. मोशेच्या मनाची खात्री किती होती याचा येथे उल्लेख नाही. हात खाली येऊ नयेत एवढीच गरज होती, आणि ती त्याला एकट्याला भागवता आली नाही. आपल्या 'विश्वास' शब्दाच्या पोटीही शरीराचीच क्रिया आहे: श्वस् धातू, मोकळेपणाने श्वास घेणे, निर्धास्त असणे. दोन्ही भाषांनी हा शब्द घडवताना डोक्यातील मताचा विचार आधी केलेला नाही. एकीने हात पाहिले, दुसरीने श्वास.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की विश्वास म्हणजे एखाद्या घटनेविषयीची मनातील खात्री, हे समीकरण एकदा स्वीकारले, की प्रार्थना ही त्या खात्रीची परीक्षा होते, आणि निकाल नापास आला की नापास झालेला विद्यार्थी शोधावा लागतो. पवित्र शास्त्रात या शोधमोहिमेसाठी एक संपूर्ण पुस्तक खर्ची घातले आहे. ईयोबाचे मित्र वाईट नव्हते. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. बोलायला लागल्यावर मात्र त्यांनी एकच सिद्धांत लावून धरला: भोगणाऱ्यात काही तरी खोट असलीच पाहिजे. ईयोब तो सिद्धांत नाकारतो, देवावर आरोप करतो, त्याला न्यायासनापुढे बोलावू पाहतो. आणि शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो, की आपल्याविषयी योग्य बोलला तो ईयोब. देवाची बाजू मांडणारे मित्र नव्हेत. मित्रांसाठी प्रार्थना करण्याचे कामही पुढे ईयोबावरच येते. आजाऱ्याच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी हा अध्याय वाचावा असे मला वाटते.

नव्या कराराकडे वळले तर उदाहरण आणखी जवळचे आहे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. तो दूर झाला नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून पित्याला विनवले. तो टळला नाही. बागेत कोणाचा विश्वास कमी पडला होता? शिष्य झोपले होते हे खरे. पण ते जागे असते तर वधस्तंभ टळला असता, असे दोन हजार वर्षांत कोणा ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

मग मागायचेच कशाला, हा प्रश्न येथे रास्तपणे उभा राहतो. मागणे ही प्रार्थनेची खालची पायरी असून वरच्या पायरीवर गेल्यावर मागणे गळून पडते, असे म्हणणारे ख्रिस्ती चिंतक आहेत. मला ते पटत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत देवाच्या नामाचा आणि राज्याचा उच्चार झाल्यावर रोजच्या अन्नाची मागणी येते, आणि आपल्या भाषांतरकारांनी तेथे 'भाकर' हा शब्द योजला. या एका शब्दाने ती प्रार्थना आमच्या नगरच्या चुलीपाशी आणून बसवली. भाकर मागणाऱ्याला लाज वाटू नये, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

मागणे आणि मिळणे यांच्या संबंधाविषयीची एक प्रसिद्ध कथा संत ऑगस्टीनने आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये दिली आहे. ३८३ साली तो कार्थेजहून रोमला जायला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून त्याची आई मोनिका रात्रभर रडत प्रार्थना करीत राहिली आणि तो तिला फसवून रात्रीच जहाजाने निघून गेला. पुढे इटलीतच त्याचे परिवर्तन झाले आणि ३८७ साली मिलान येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. मागे वळून पाहताना तो म्हणतो, की आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने नाकारले, ते ती नेहमी जे मागत असे ते देण्यासाठी. कथा सुंदर आहे, आणि तिच्यातला मुलगा ती सांगतो म्हणून खरीही आहे. परंतु ती दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगण्याची नव्हे. आईच्या मृत्यूने आम्हाला याहून चांगले असे काही दिल्याचे मला आजवर आढळलेले नाही, आणि ते आढळलेच पाहिजे असा आग्रह हे 'विश्वास कमी पडला'चेच अधिक सौम्य रूप आहे.

उत्तर न मिळालेल्यांसाठी पवित्र शास्त्राने निराळी सोय केली आहे. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एकतृतीयांश विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते संग्रहातून कोणी वगळले नाही. मराठी कानाला यात नवल वाटू नये. नामदेव, जनाबाई आणि तुकाराम यांनी विठोबाशी केलेली भांडणे ऐकत आपली भाषा मोठी झाली आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल तुकारामाचा होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले. त्या पुलावरून अभंगाबरोबर देवाशी रोखठोक बोलण्याचा हक्कही पलीकडे आला, असे मी समजते. तो हक्क आमच्या मंडळ्यांनी पुढे फारसा बजावला नाही, ही निराळी गोष्ट.

या अंधाराची साक्ष देणारे लोक कच्च्या विश्वासाचे होते असे म्हणणेही कठीण आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर सी. एस. लुईसने १९६१ साली टोपणनावाने एक छोटे पुस्तक छापले. ख्रिस्ती विश्वासाचा एवढा मोठा समर्थक, पण गरजेच्या वेळी देवाचे दार बंद आढळल्याचे तो त्यात लिहितो. मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, आणि सुमारे अर्धशतक त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जवळजवळ कधीच जाणवली नव्हती हे जगाला कळले. काहींना त्यात ढोंग दिसले. पण जाणीव नसतानाही रोज पहाटे प्रार्थनेला बसणे हे ढोंग असेल, तर मोशेचे धरून ठेवलेले हातही ढोंगच म्हणावे लागतील.

आपल्या जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. त्या आधी त्या कुटुंबाने तीर्थयात्रा, उपासतापास, दानधर्म यांत काही कमी केले नव्हते. ख्रिस्ती झाल्यावर रमाबाई प्रार्थनेच्या बळावर संस्था चालवणारी स्त्री म्हणून ओळखल्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधील १९०५ चे धार्मिक जागरण आजही ख्रिस्ती इतिहासात सांगितले जाते. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती मुलगी मनोरमा चाळिशीच्या घरात मरण पावली. आईने तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? आणि त्या प्रार्थनेत विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस कोणता प्रचारक करील? रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ साली छापून झाले. हात वर राहिले ते असे.

या अर्थाने पाहिले, तर आमच्या घरात त्या सहा-सात महिन्यांत विश्वास कोठे होता हे मला आता सांगता येते. महिला मंडळाच्या बाया दुपारी येत, त्यांच्या प्रार्थना पाच मिनिटांच्या असत आणि त्यानंतर त्या भाकऱ्या थापून जात. आवाज फुटेनासा झाल्यावर वडील स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करण्याचे सोडून नुसती स्तोत्रे वाचत; ज्याच्याकडे शब्द उरले नाहीत त्याच्यासाठी ती लिहून ठेवलेली असतात. आणि दादा आईला रेडिएशनसाठी पुण्याला नेत असे. सुमारे १२० किलोमीटर एस.टी.ने जायचे, तेवढेच परत यायचे. खिडकीची जागा तिला, तिचे डोके त्याच्या खांद्यावर, आणि उलटी आली तर म्हणून त्याच्या हातात पिशवी. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो डोळे मिटत नसे, हे आम्हा सर्वांना दिसत असे. त्याचे डोळे आईकडे असत. प्रश्न त्याच्या मनात होते आणि आजही आहेत. परंतु त्या घरात हूर कोण होता असे मला कोणी विचारले, तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन.

यावर कोणी म्हणेल, की ही प्रार्थना म्हणजे केवळ एकमेकांना दिलेला आधार झाला. मग त्यात देव कोठे राहिला? मला तसे म्हणायचे नाही. ऐकणारा कोणी आहे असे मानल्याशिवाय ख्रिस्ती प्रार्थना उभीच राहत नाही. मी ते मानते. आजारी बरे होतात, प्रार्थनेनंतरही होतात, आणि त्याबद्दल उपकार मानणाऱ्याशी माझा वाद नाही. माझा आक्षेप आहे तो परिणामावरून मागे जाऊन विश्वासाचा हिशेब करण्याला. बरा झालेल्याचा विश्वास पुरेसा होता आणि मेलेल्याच्या घरचा अपुरा, हा निष्कर्ष ईयोबाच्या पुस्तकाने, गेथशेमानेने आणि स्तोत्रसंहितेने तीन वेळा बाद केला आहे. तो चौथ्यांदा उच्चारण्याचा अधिकार कोणाला नाही.

म्हणून आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की तेथे कोणाचे हात खाली आले आहेत हे जरूर पाहावे. मात्र ते त्याला सांगण्यासाठी पाहू नये. मोशेचे हात खाली आलेले अहरोनालाही दिसले होते. त्याने धोंडा आणून दिला. आपण प्रार्थनेच्या शेवटी जो 'आमेन' म्हणतो तो याच 'अमन' धातूचा. 'तथास्तु' हा त्याचा रूढ अर्थ चुकीचा नाही. पण त्याच्या मुळाशी टिकून राहणे आहे, धरून ठेवणे आहे. प्रार्थना करतो एक जण. आमेन सर्वांनी मिळून म्हणायचे असते.